पांढरी भुकटी आणि विलंबाची किंमत

पोलिसांनी एखाद्याच्या खिशातून वा पिशवीतून पांढऱ्या भुकटीची पुडी काढली, पंचांसमक्ष तिचे वजन केले, लाखेचे सील लावले आणि पंचनाम्यावर सह्या झाल्या, की कायद्याचे चक्र फिरू लागते. परंतु त्या क्षणी तेथे उभ्या असलेल्या कोणालाही, अधिकाऱ्याला, पंचांना, कित्येकदा खुद्द आरोपीलाही, एका साध्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते. ती भुकटी आहे तरी काय? पिठीसाखर, खाण्याचा सोडा, कुटलेली पॅरासिटामॉलची गोळी, हेरॉइन आणि मेफेड्रोन हे सारे पदार्थ डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. रसायनशाळेत जे कळायचे ते पुढे कळते. तोपर्यंत संशयालाच खात्रीचे स्थान मिळते आणि माणूस कोठडीत जातो.

संशय आणि खात्री यांच्यामधील हा जो काळ, त्याची किंमत कोण भरतो, हा या लेखाचा विषय आहे. वरकरणी तो रसायनशास्त्राचा किंवा फार तर कायद्याचा वाटेल. वस्तुतः तो अर्थशास्त्राचाही आहे. काळ ही दुर्मीळ वस्तू आहे, आणि दुर्मीळ वस्तूची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते. पाश्चात्त्य देशांत गेल्या काही वर्षांत टेबलावर मावेल असे एक यंत्र या कामी वापरात येऊ लागले आहे. काही दिवसांचे, कधी काही महिन्यांचे अंतर काही मिनिटांवर आणण्याची शक्यता त्याने निर्माण केली आहे. म्हणून या यंत्राचा परिचय करून घेणे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी याचा शांतपणे विचार करणे उपयुक्त ठरेल.

रंगावरून परीक्षा

आजवरची प्रथा अशी. जागेवरची प्राथमिक चाचणी रंगाची असते. भुकटीच्या चिमटीवर विशिष्ट द्रावणाचे थेंब टाकायचे आणि कोणता रंग येतो ते पाहायचे. गंधकाम्लात फॉर्माल्डिहाइड मिसळून केलेले ‘मार्क्विस’ द्रावण अफूजन्य पदार्थांवर पडले की जांभळे होते. कोबाल्ट थायोसायनेटचे द्रावण कोकेनमुळे निळे होते. चाचणी स्वस्त आहे, तत्काळ होते आणि कोणताही शिपाई ती करू शकतो. अडचण एवढीच की निळा रंग केवळ कोकेनच देते असे नाही. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतील द्रव्येही तोच रंग देतात. उलट आपल्याकडे ज्याचा आज सर्वाधिक बोलबाला आहे त्या मेफेड्रोनला मार्क्विस द्रावणात जवळजवळ रंगच येत नाही. थोडक्यात, रंग हा इशारा आहे, पुरावा नव्हे.

या इशाऱ्यालाच पुरावा मानल्यावर काय होते याचे उदाहरण अमेरिकेतील ह्यूस्टन शहर ज्यात येते त्या हॅरिस काउंटीने घालून दिले. तेथे रस्त्यावरील रंगचाचणीच्या आधारे पकडलेल्या अनेकांनी गुन्हा कबूल करून टाकला आणि शिक्षा भोगली. पुढे तुंबलेल्या नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा कित्येक पुड्यांत निषिद्ध द्रव्य नव्हतेच असे आढळले. शंभराहून अधिक जणांच्या शिक्षा त्यामुळे रद्द कराव्या लागल्या. २०१६ च्या सुमारास हे प्रकरण अमेरिकेत गाजले.

निरपराध माणूस गुन्हा कबूल का करतो? उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात आहे. कबुली दिली तर काही आठवड्यांत सुटका; निर्दोषपणा सिद्ध करायचा तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तुरुंगात मुक्काम, आणि त्या अवधीत नोकरी, भाड्याचे घर, मुलांचे हाल. ज्याच्याजवळ जामिनाचे पैसे नाहीत त्याला सत्य परवडत नाही आणि तो स्वस्त पर्याय निवडतो. विलंबाची किंमत गरिबाच्या माथी कशी मारली जाते, याचे याहून विदारक उदाहरण शोधावे लागणार नाही.

आपला कायदा आणि आपला विलंब

आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे, परंतु कमी चिंताजनक नाही. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात शिक्षेची सारी उतरंड दोन गोष्टींवर उभी आहे: पदार्थाचे नाव आणि त्याचे वजन. हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि २५० ग्रॅमपासून पुढे ‘व्यापारी’ प्रमाण समजले जाते. मेफेड्रोनच्या बाबतीत हे आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम असे आहेत. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, व्यापारी प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षे. शिवाय व्यापारी प्रमाण असेल तर, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाला वाटल्याखेरीज जामीन नाही. तपासाची मुदत १८० दिवसांची, आणि ती एक वर्षापर्यंत वाढविता येते.

म्हणजे ज्या पुडीतील द्रव्याचे नाव अद्याप निश्चित झालेले नाही, तिच्या आधारावर माणसाचे स्वातंत्र्य सहा महिने वा अधिक काळ टांगणीला लागू शकते. रासायनिक अहवाल नसताना दाखल केलेले आरोपपत्र पूर्ण मानावे काय, या मुद्द्यावर आपल्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी मते दिली आहेत. अहवाल वेळेवर येत असते तर हा वाद एवढा वाढलाच नसता. नमुना मिळाल्यापासून १५ दिवसांत तपासणी व्हावी, असा निर्देश १९८० च्या दशकातील सरकारी स्थायी आदेशातच आहे. तरीही २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जे प्रकरण आले त्यातील आरोपी खटल्याची वाट पाहत बारा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. त्या निकालात न्यायालयाने इतर गोष्टींबरोबर प्रयोगशाळांच्या अपुरेपणाचीही दखल घेतली. आदेश होता, उणीव होती ती साधनांची.

अणूंचा आवाज

आता त्या यंत्राकडे वळू. त्याचे शास्त्रीय नाव अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमापक असे लांबलचक आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एनएमआर म्हणतात. रुग्णालयातील एमआरआय यंत्र ज्या तत्त्वावर चालते तेच तत्त्व येथेही आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक म्हणजे जणू एक इवलासा लोहचुंबक. तो प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवला की भोवऱ्यासारखा डोलत फिरू लागतो. त्याच्या डोलण्याशी नेमका जुळणारा रेडिओतरंग त्याच्यावर सोडला की तो प्रतिसाद देतो. महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक हायड्रोजनचा प्रतिसाद त्याच्या शेजारी कोणते अणू बसले आहेत त्यानुसार किंचित बदलतो. देवळातील घंटांची ओळ वाजविली असता जाणता कान प्रत्येक घंटा वेगळी ओळखतो, तसे हे यंत्र रेणूतील हायड्रोजनांचे निरनिराळे गट ओळखते आणि आलेखावर शिखरांच्या रूपाने मांडते. या शिखरांची मांडणी ही त्या रेणूची सही होय. शिखराखालचे क्षेत्रफळ त्या गटातील हायड्रोजनांच्या संख्येच्या प्रमाणात असते. त्यामुळे कोणता पदार्थ आहे याबरोबरच तो किती आहे हेही सांगता येते.

घनपदार्थ व द्रव यांतील हा परिणाम फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी १९४५-४६ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधून काढला. त्याबद्दल दोघांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या इतिहासात मुंबईचाही एक दुवा आहे, आणि तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे साध्या मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनांचे तीन गट तीन वेगळ्या शिखरांच्या रूपाने दिसतात हे दाखविणाऱ्या प्रसिद्ध निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक एस. एस. धर्मट्टी हे होते. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या शास्त्राचे संशोधन तेथे त्यांनी रुजविले. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. ती प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर फारशी आली नाही, एवढेच.

बाहेर न येण्याचे कारण खर्चाचे होते. मोठ्या एनएमआर यंत्रातील अतिसंवाहक चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावा लागतो. त्याला स्वतंत्र खोली लागते, हेलियमचा सततचा पुरवठा लागतो, तज्ज्ञ देखभाल लागते आणि किंमत कोटींच्या घरात जाते. टेबलावरच्या नव्या यंत्रात यांपैकी काहीच नाही. दुर्मीळ मृदा धातूंपासून केलेले कायम चुंबक विशिष्ट रीतीने रचून त्यात १.४ ते २.३ टेस्ला इतके क्षेत्र निर्माण केलेले असते. हायड्रोजनसाठी त्याची वारंवारता ६० ते १०० मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या आसपासचीच. यंत्र साध्या विजेवर चालते आणि त्याची किंमत कोटींत नव्हे, लाखांत मोजावी लागते. भुकटीची चिमूट विशेष विद्रावकात विरघळवून काचेच्या बारीक नळीत भरायची आणि नळी यंत्रात ठेवायची, की काही मिनिटांत आलेख हाती येतो. या विद्रावकात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे जड भावंड ड्युटेरियम असते. ते जड पाण्यातून मिळते, आणि जड पाण्याच्या उत्पादनात आपला देश अग्रेसर आहे. रायगड जिल्ह्यातील थळ येथेच त्याचा एक कारखाना आहे.

मँचेस्टरचा अनुभव

या यंत्राची अमली पदार्थांसाठी पद्धतशीर कसोटी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे लागली. तेथील संशोधकांनी ३०० हून अधिक ज्ञात पदार्थांच्या आलेखांचा संग्रह तयार केला. नव्या नमुन्याचा आलेख त्या संग्रहाशी ताडून पाहणारी गणकयंत्राची कार्यपद्धतीही त्यांनी बसविली. जप्त केलेल्या ४१६ नमुन्यांची उत्तरे त्यांनी प्रयोगशाळेतील प्रस्थापित पद्धतीशी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटमापन यांच्या जोडपद्धतीशी, पडताळून पाहिली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९३ टक्के नमुन्यांत दोन्ही उत्तरे जुळली, ६ टक्क्यांत अंशतः जुळली आणि सुमारे एक टक्क्यात मुळीच जुळली नाहीत. नमुना यंत्रात ठेवण्यापलीकडचे काम बव्हंशी आपोआप होणाऱ्या पद्धतीसाठी हे फळ लक्षणीय म्हटले पाहिजे.

एका बाबतीत तर हे यंत्र प्रस्थापित पद्धतीलाही मागे टाकते. मेफेड्रोनच्या रेणूत बेंझीनच्या वलयावर एक मेथिल गट विशिष्ट जागी असतो. तो शेजारच्या जागी सरकविला की दुसरा पदार्थ होतो. वजन तेच, अणू तेच, फक्त जागा वेगळी. वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राची अशा जुळ्या भावंडांपुढे त्रेधा उडते. एनएमआरला मात्र वलयावरील हायड्रोजनांची मांडणी बदललेली दिसते, आणि तेवढ्यावरून ते दोघांना वेगळे सांगते. हा काही पंडिती सूक्ष्मपणा नव्हे. बेकायदा रसायनज्ञाचा सारा व्यवसायच आज या युक्तीवर चालतो. एक रेणू निषिद्ध झाला की त्यात किंचित फेरफार करायचा. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित कार्यालयाकडे अशा नव्या मनोविकारी पदार्थांची नोंद आता १,२०० च्या वर गेली आहे. आपल्याकडे मेफेड्रोनच अधिनियमाच्या अनुसूचीत २०१५ च्या फेब्रुवारीत आले. तोपर्यंत ते मुंबईत सर्रास विकले जात होते आणि पोलिसांचे हात बांधलेले होते. पुढे त्याचा व्याप केवढा वाढला हे २०२४ साली दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकरणाने सर्वांना दाखवून दिले. ज्या महाराष्ट्राला आपल्या औषधनिर्मितीच्या उद्योगाचा सार्थ अभिमान आहे, त्याला याच उद्योगाची ही काळी सावलीही ओळखता आली पाहिजे.

याच राज्यात २०१५ मध्ये गाजलेल्या एका प्रकरणात मेफेड्रोन म्हणून जप्त केलेला साठा पुढील तपासणीच्या अहवालात अजिनोमोटो, म्हणजे चिनी खाद्यपदार्थांत घालतात ते मीठ, असल्याचे म्हटले गेले. त्या प्रकरणातील खरेखोटे न्यायालयाने पाहावे. येथे एवढेच सांगायचे आहे की मेफेड्रोनमध्ये बेंझीनचे वलय असते आणि अजिनोमोटोमध्ये ते नसते. आलेखावर त्या वलयाची शिखरे आहेत की नाहीत हे रसायनशास्त्राचा पदवीधर विद्यार्थीही पाहताक्षणी सांगेल.

यंत्राच्या मर्यादा

नव्या यंत्राच्या स्तुतीत वाहवत जाण्याची सवय आपल्याला आहे, म्हणून त्याच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. लहान चुंबकाची दृष्टी अधू असते. मिश्रणात एखादे द्रव्य अत्यल्प असेल तर त्याचे शिखर इतरांच्या गर्दीत हरवते. फेंटानिलसारखे जालीम द्रव्य अगदी थोडे असूनही प्राणघातक ठरते, तेव्हा ही उणीव क्षुल्लक नव्हे. कागदाच्या तुकड्यावर शोषलेले, ग्रॅमच्या लक्षांशात मोजायचे एलएसडी या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. गांजासारख्या वनस्पतिजन्य मालासाठीही ते सोयीचे नाही. भुकटीत खडू वा मीठ मिसळलेले असेल तर, त्यात हायड्रोजनच नसल्यामुळे, यंत्राला ते दिसत नाही. आणि संग्रहात ज्याची सही नाही असा पदार्थ आला तर यंत्र फार तर ‘ओळख पटत नाही’ एवढेच सांगेल. तेव्हा अंतिम अहवाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचाच राहिला पाहिजे. शंभरातील जे सात नमुने पूर्णपणे जुळले नाहीत, त्या प्रत्येकामागे एक माणूस उभा असतो, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक मर्यादा यंत्राची नाही, कायद्याची आहे. भुकटीत शुद्ध द्रव्य किती हे यंत्र सांगू शकते. पण त्या उत्तराचा आज न्यायालयात फारसा उपयोग नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात चार किलोंहून अधिक भुकटीत शुद्ध हेरॉइन केवळ ६० ग्रॅमच्या आसपास होते. तेव्हा न्यायालयाने शुद्ध द्रव्याचेच वजन धरले. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय अमान्य करून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असे ठरविले. त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे, कारण भेसळयुक्त मालच रस्त्यावर विकला जातो. तथापि बाजारपेठेचा विचार करणाऱ्याला एक गोष्ट खटकते. माल जसजसा साखळीच्या खालच्या टोकाकडे जातो तसतशी भेसळ वाढते. म्हणजे तितक्याच शुद्ध द्रव्यासाठी तळाच्या हमालाच्या पिशवीतील वजन अधिक भरते आणि मुख्य व्यापाऱ्याच्या पेटीतील कमी. निदान शुद्धतेची नोंद प्रत्येक प्रकरणात उपलब्ध झाली, तर या धोरणाचे परिणाम आकड्यांनिशी तपासता तरी येतील.

हिशेबाच्या वहीबाहेरचा खर्च

मग इतके उपयुक्त यंत्र आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत का नाही? किंमत हे उत्तर अपुरे आहे. खरे कारण असे की विलंबाचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. यंत्राची खरेदी गृहखात्याच्या हिशेबात ठळकपणे उतरते. परंतु कच्च्या कैद्याची बुडालेली मजुरी, त्याच्या घरच्यांनी काढलेले कर्ज, मुलाची सुटलेली शाळा, वकिलाची फी, यांची बेरीज कोणत्याही खात्याच्या वहीत होत नाही. ज्या खर्चाची नोंद होत नाही तो कमी करण्याची घाईही कोणाला नसते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. अहवाल लांबला म्हणजे खरा व्यापारीही त्या लांबणीचा फायदा घेतो, साक्षीदार विस्कळीत होतात आणि खटला ढिला पडतो. म्हणजे विलंब निरपराधालाही महाग पडतो आणि समाजालाही. स्वस्त पडतो तो फक्त गुन्हेगाराला.

मुंबईतील कालिन्याखेरीज नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती आदी ठिकाणी राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. प्रारंभी प्रत्येक महसुली विभागात, म्हणजे एकंदर सहा ठिकाणी, असे एकेक यंत्र ठेवून वर्षभर अनुभव घेणे राज्याला जड जाऊ नये. ते चालविण्यास दरवर्षी विद्यापीठांतून बाहेर पडणारे रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेतच. २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमक्ष काढावयाचे असतात. त्याच टप्प्याला जोडून ही प्राथमिक तपासणी व्हावी. मात्र तीन अटी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, यंत्राच्या होकारावर कोणालाही शिक्षा होऊ नये. पण नकार आला तर तो त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवलाच पाहिजे. दुसरी, आलेखाची मूळ प्रत आरोपीच्या वकिलाला मिळावी. रंगचाचणीतील रंग नळीत काही वेळाने बदलतो आणि मागे उरतो तो फक्त अधिकाऱ्याचा शब्द. आलेख मात्र कायम राहतो आणि दहा वर्षांनीही कोणीही जाणकार तो तपासू शकतो. तिसरी, या तपासणीत नमुना नष्ट होत नाही, म्हणून तो जपून ठेवून फेरतपासणीस उपलब्ध असावा.

अमली पदार्थांनी घराघरांत जो अनर्थ मांडला आहे तो पाहता, कायदा कठोर असावा याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु कायदा जितका कठोर, तितकी त्याची पहिली पायरी भक्कम असली पाहिजे. आणि या कायद्याची पहिली पायरी म्हणजे पुडीतील पदार्थाचे नाव. वीस वर्षांच्या शिक्षेचे सामर्थ्य अंगी बाळगणाऱ्या शासनाने ‘ही भुकटी कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर शक्य तितक्या लवकर देणे हे आरोपीवरचे उपकार नव्हेत. ते शासनाचे देणे आहे, आणि कोणतेही देणे थकले की त्यावर व्याज चढत जाते. आज ते व्याज कच्चे कैदी भरीत आहेत.